छाटलेल्या खोडाची पालवी



आजच्या ज्युबिलीच्या मंगल दिनी आम्ही आपणांस इटलीतील मोन्ते कॅसिनो मठाची आठवण देऊ इच्छितो. संत बेनेडिक्ट यांनी तो सुमारे इ. स. ५२९ मध्ये स्थापिला. सहाव्या शतकातच लोंबार्डांनी व पुढे ८८३ मध्ये सारासेनांनी तो उद्ध्वस्त केला. १३४९ मध्ये भूकंपाने तो पाडिला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्याचा ढिगारा केला. तरी प्रत्येक वेळी तो उठला, आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनर्समर्पण केले. छाटले तरी पालवते, हेच त्याचे बोधवाक्य.

हे कशाच्या बळावर? भिंती पडल्या, पण संताने घालून दिलेला नियम पडला नाही: नेमलेल्या घटकांस प्रार्थना, वाचन आणि स्वहस्ते श्रम. मठाची अवजारेही वेदीवरील पात्रांप्रमाणे पवित्र मानावीत, अशी त्यांची शिकवण.

आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजारही अवर्षणाने असेच उजाड झाले होते. १९८९ नंतर ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पत्करिली, श्रमदान केले. मग डोंगर पालवले. तेथेही नियम आधी, हिरवळ मागाहून.

आमच्या मनी एक शल्य आहे. ख्रिस्तमंदिराच्या डागडुजीस वर्गणी त्वरित जमली. सायंकाळच्या जपमाळेस मात्र बाके रिकामी असतात. मग ही ज्युबिली भिंतींची की आपली? घरोघरी प्रार्थनेची एक घटका व आठवड्यास थोडे श्रमदान, एवढा नियम आपण आजपासून घेऊ या. प्रभू तो पाळण्याचे बळ देवो.