गाडी घेताना भाव करताय ना?

श्रोतेहो, गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी रंग ठरवतो. भावाची गोष्ट निघेपर्यंत घरातली मुलं गाडीत जाऊन बसलेली असतात! मग घासाघीस कसली करणार?

तेव्हा मुलांना नेण्याआधी दोन-तीन शोरूममधून 'ऑन रोड' किमतीचा तपशीलवार कागद लेखी घ्या. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आलेलाच असतो. रस्ता कर सरकारचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला तो 11 टक्के. तिथं हुज्जत घालून उपयोग नाही. खरी जागा आहे विम्यात. 2018 पासून नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्याचा हप्ता ठरलेला. आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो आणि तो शोरूममधूनच घ्यावा, अशी सक्ती नाही. बाहेरचा भाव खिशात ठेवून बोला, आकडा खाली येतो.

माझ्या पुतण्याच्या कागदावर 'हँडलिंग चार्जेस' म्हणून साडेसात हजार लावले होते. "हे कशाचे?" एवढंच त्यानं विचारलं. व्यवस्थापक आत गेले. परत आले तेव्हा नव्या कागदावर ती ओळ नव्हती.

डिसेंबरात सवलत मोठी मिळते, पण जानेवारी उजाडताच गाडी कागदोपत्री एक वर्षानं जुनी होते. दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या. तीन वर्षांत विकायची असेल, तर मिळालेली सवलत बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाला द्यावी लागेल.