दारावरील पत्रपेटी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण हंसतील. दारावरील पत्रपेटी ही का भाषण करण्याजोगी वस्तु, असें त्यांस वाटेल. परंतु या क्षुद्र पेटीपायींच माझ्या हातून एक अपराध घडला आहे, आणि तो सांगितल्यावांचून पुढील चार गोष्टी सांगण्याचा मला अधिकार पोंचत नाहीं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पत्रपेट्यांची एक रांग आहे. तींतील निम्म्या पेट्यांवर नांव नव्हतें आणि कित्येकांस कुलूप नव्हतें. एकदां माझ्या पेटींत वरच्या मजल्यावरील एका तरुणाचें पाकीट पडलें. संध्याकाळीं वर जाऊन देऊं, अशा विचारानें मीं तें घड्याळामागें ठेविलें, आणि दुसरे दिवशीं दिवाळीसाठीं गांवीं निघून गेलों. तीन आठवड्यांनीं परतल्यावर त्याची आठवण झाली. त्यांत नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें होतें, आणि मुलाखतीची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. तो तरुण एवढेंच म्हणाला, "असूं द्या, मास्तर." त्यानें मला चार शब्द सुनावले असते तर बरें झालें असतें.

त्यानंतर या विषयांतील कायदा मीं मुद्दाम वाचून काढिला. १८९८ सालच्या भारतीय डाकघर कायद्यांत, चुकून आपल्या हातीं आलेलें दुसऱ्याचें टपाल कपटानें ठेवून घेणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. तो कायदा आतां रद्द झाला आहे. २०२३ चा डाकघर कायदा १८ जून २०२४ पासून अंमलांत आला, व त्यांत हें कलम नाहीं. म्हणून परक्याचें पत्र दाबून ठेवण्यास मोकळीक मिळाली, असें मात्र कोणीं समजूं नये. दुसऱ्याची वस्तु अप्रामाणिकपणें आपलीशी करणें हा भारतीय न्याय संहितेप्रमाणें गुन्हा आहेच. माझा दोष कपटाचा नव्हता, आळसाचा होता. त्यास शिक्षा सांगणारें कलम मला कोठें आढळलें नाहीं. परंतु त्या तरुणाच्या दृष्टीनें पाहतां कपट काय आणि आळस काय, फळ एकच!

म्हणून पहिला नियम हा कीं, चुकून आलेलें पत्र फोडूं नये, आणि घरांतहि नेऊं नये. त्याचा धनी जवळपास राहत असेल तर पायांतील वहाणा काढण्यापूर्वींच तें त्यास पोंचतें करावें. धनी ओळखीचा नसेल तर 'या पत्त्यावर राहत नाहीं' असें पाकिटावर लिहून तें पोस्टमनच्या हातीं द्यावें. डाकघर तें पाठविणाराकडे परत धाडतें. यासाठींच आपण पाठवीत असलेल्या पत्रावर आपला स्वतःचाहि पत्ता लिहिण्याची संवय ठेवावी.

आतां प्रश्न असा कीं, ही पेटी कोणाची? अमेरिकेंत १९३४ पासून असा कायदा आहे कीं, घरच्या पत्रपेटींत तिकिटावांचून कोणीं पत्रक टाकूं नये. १९८१ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि तो उचलून धरिला. आपल्याकडे रीत निराळी आहे. येथें पेटी आपण आपल्या पैशानें लावितों. तींत शेजारी लग्नपत्रिका टाकितो, दुकानदार जाहिरात टाकितो. पेटी आपली, तेव्हां तिची काळजीहि आपलीच. १८९८ च्या कायद्याप्रमाणें पत्त्यावरील घरीं, अगर घरच्या नोकरापाशीं, टपाल दिलें म्हणजे तें धन्यास मिळालें असें मानीत. साध्या पत्राच्या बाबतींत व्यवहार आजहि तसाच चालतो. पोस्टमननें पत्र पेटींत टाकिलें कीं त्याचें काम संपलें. पुढें तें पावसानें भिजलें किंवा पोरांनीं पळविलें, तर दोष कोणास द्यावयाचा? यास्तव पेटीवर नांव व खोलीचा क्रमांक ठळक अक्षरांत असावा, तीस कुलूप असावें, आणि ती रोज उघडून पहावी.

पत्त्यांत पिनकोड अवश्य लिहावा. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले कोंकणांतले, संस्कृतचे व्यासंगी कवि होते, ही आम्हां मराठी लोकांस अभिमानाची गोष्ट आहे. एकाच नांवाचीं अनेक गांवें, आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा. अशा देशांत सहा आंकड्यांनीं घोटाळा मिटविला. त्यांतील पहिला आंकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन आंकडे पत्र वांटणाऱ्या डाकघराचे. मुंबईंत गिरगांवचें पत्र ४००००४ या आंकड्यांवर बिनचूक जातें.

सहीच्या टपालाविषयीं लोकांत एक मोठा गैरसमज आहे. २०२५ सालीं रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें, तरी गैरसमज कायमच आहे. नोटीस आली असतां ती घेतलीच नाहीं म्हणजे आपण सुटलों, असें पुष्कळांस वाटतें. परंतु १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणें, योग्य पत्त्यावर, पुरें हंशील भरून, रजिस्टर करून पाठविलेली नोटीस पोंचली असेंच गृहीत धरितात. उलट सिद्ध करण्याचा भार आपणांवर पडतो. न वटलेल्या चेकासंबंधीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००७ मध्यें हेंच तत्त्व पुनः सांगितलें. तेव्हां नकार देणें म्हणजे डोळे मिटून दूध पिणेंच होय. दार बंद असल्यास पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवितो. ती मिळतांच डाकघरांत जावें.

आपले हक्कहि जाणून असावें. नव्या कायद्यानें, नियमांत सांगितलें असेल त्यापलीकडे टपाल हरवल्याची अगर उशिराची जबाबदारी सरकारवर ठेविलेली नाहीं. मात्र कर्मचाऱ्यानें लबाडीनें किंवा जाणूनबुजून नुकसान केल्यास तो सुटत नाहीं. म्हणून पावती जपून ठेवावी, आणि तक्रार लेखी द्यावी. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादि कारणांसाठीं टपाल अडविण्याचा व उघडण्याचा अधिकार, केंद्र सरकारनें नेमिलेल्या अधिकाऱ्यास नवव्या कलमानें दिला आहे. शेजाऱ्यास, घरमालकास किंवा सोसायटीच्या चिटणिसास तो दिलेला नाहीं, हें लक्षांत असावें.

आमच्या इमारतींत आतां प्रत्येक पेटीवर नांव आहे. तीं नांवें मींच रंगविलीं. त्यानें त्या तरुणाची गेलेली संधि परत येत नाहीं, हें मी जाणतों. आज घरीं गेल्यावर आपणहि आपली पेटी एकदां उघडून पहा. तींत दुसऱ्या कोणाचें पत्र असेल, तर तें उद्यांवर टाकूं नका, एवढीच माझी विनंति आहे.