पाण्याखालचा डोंगर

मंडळी, डोंगर म्हटला म्हणजे आपली मान आपोआप वर जाते. पण आज ज्या डोंगराची ओळख करून द्यायची आहे, तो किनाऱ्यावर उभे राहून कितीही पाहिले तरी दिसायचा नाही. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या पोटात एक भलेमोठे पठार आहे. लांबी अदमासे ४० किलोमीटर. भोवती पाणी शेकडो मीटर खोल. पण याचा माथा काही ठिकाणी पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरांवर येऊन थांबतो. त्याचे नाव 'आंग्रिया बँक'. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून ते पडले. ही बँक म्हणजे पैशांची पेढी नव्हे, बरे का! समुद्रातल्या अशा उंचवट्याला दर्यावर्दी लोक बँक म्हणतात.

तुम्ही म्हणाल, बुडालेल्या खडकाशी आपल्याला काय करायचे? तर आधी आपल्या गावचा ओढा पाहा. त्यातल्या मोठ्या दगडाला पाणी अडते, वळते, उसळते. दगडाला शेवाळ धरते, त्याच्या आडोशाला किडे राहतात आणि किड्यांच्या मागे मासोळ्या येतात. मोकळ्या वाळूवर एवढी वस्ती नसते. समुद्रातही तसेच. खोल पाण्यातले प्रवाह डोंगराला अडून वर चढतात आणि तळाचे खत आपल्याबरोबर आणतात. माथ्यावर सूर्यप्रकाश पोचतो आणि चिकटून राहायला टणक खडक मिळतो. खत, ऊन आणि आधार! पिकाला आणखी काय लागते?

या शेतातले मुख्य पीक म्हणजे प्रवाळ. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो लहान लहान जीवांचा समूह आहे. या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाळ राहते, उन्हावर अन्न तयार करते आणि घरभाडे दिल्यासारखे त्यांना देते. ते जीव चुनखडीचे घर बांधतात. जगाच्या समुद्रतळाचा शंभरावा हिस्सासुद्धा प्रवाळाने व्यापलेला नाही. तरी समुद्रातल्या सुमारे पाव जाती कधी ना कधी त्याच्या आसऱ्याला येतात.

पण हे बांधकाम फार सावकाश चालते. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतो. म्हणजे हातभर उंचीला अर्धे शतक! त्यावर तळ खरवडणारे जाळे एकदा फिरले, नाहीतर जड नांगर पडला, की पन्नास वर्षांचे काम घटकाभरात संपले. माशांचेही तसेच. गोब्रा घ्या. त्याच्या बऱ्याच जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. मोठे मोठे तेवढे उचलले, तर मागे नर उरायचे कोठून? शिवाय पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आतले शैवाळ टाकून देतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगभर असे घडले आणि २०२३ पासून पुन्हा घडले.

मग राखण कोणी करायची? किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत मासेमारीचे नियम राज्य सरकार करते. आंग्रिया त्याच्या फार पलीकडे, केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण कागदावरचा कायदा भर समुद्रात पहारा देत नाही. तिथे जातो तो मच्छीमार. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने त्यानेच विरोध केला. ती भीती खोटी म्हणून झटकून चालणार नाही. त्याला बाहेर ठेवून नव्हे, तर बरोबर घेऊनच नियम ठरले पाहिजेत.

आणि ही रीत आपल्याला नवी नाही. देवराईतली फांदी कोणी तोडत नाही, म्हणून तिच्या झऱ्याचे पाणी साऱ्या गावाला मिळते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून दर्याला विसावा देणारी आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा निघणारी माणसे आपलीच. समुद्रातही एखादी देवराई असावी, एवढेच मागणे आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, महाराष्ट्राच्या नकाशात मुले सह्याद्री काढतात. पुढच्या वेळी विजयदुर्गाच्या पश्चिमेला, निळ्या रंगात, एक छोटा ठिपका काढायला सांगा. जे ठाऊकच नाही, त्याची राखण कोणी करीत नाही.