आवडत्या-नावडत्या ध्वनिमुद्रिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगीतावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारण्यापूर्वी आम्हीच सांगून टाकतो : काहीही नाही. आम्ही केंद्र सरकारचे नोकर, पदवीने बी. ए. मात्र बदलीच्या प्रत्येक गावी भांड्यांच्या खोक्यांबरोबर तबकड्यांचे एक खोके आम्ही जपून नेले आणि शेवटी ते राजाजीनगरात येऊन विसावले. मंडळाच्या कपाटातील जुन्या ध्वनिमुद्रिका काढून टाकाव्यात, सारे आता मोबाईलवर मिळते, अशी सूचना पुढे आली आहे. तेव्हा एका सामान्य श्रोत्याने आपल्या आवडीनिवडी सांगण्यास हीच वेळ बरी.

आमची पहिली आवड ‘अभंग तुकयाचे’. संगीत श्रीनिवास खळे यांचे, स्वर लताबाईंचा. या मुद्रिकेत वाद्ये शब्दांच्या आड येत नाहीत. आमची कन्या येथेच वाढली. तिला ‘ळ’ शिकवावा लागला नाही, तो शेजारच्या कन्नडने दिला. परंतु ‘माझी’तला झ वेगळा आणि ‘माझा’तला वेगळा, हे व्याकरणाच्या पुस्तकाने तिला कधीच पटले नसते. ते लताबाईंच्या उच्चारांनी पटवले. परमुलखातील मराठी घरात ध्वनिमुद्रिका ही नुसती करमणूक नसते; ती आजीची जागा घेते.

आता नावडतीकडे वळू. त्याच खळ्यांचे, त्याच लताबाईंचे, जोडीला पंडित भीमसेन जोशी आणि पंडित नरेंद्र शर्मा यांची हिंदी पदे : १९८५ सालचे ‘राम श्याम गुणगान’. हे नाव घेताच काही भगिनींच्या भुवया उंचावलेल्या आम्हांस दिसत आहेत! परंतु जेथे हे दोघे एकत्र गातात, तेथे दोघेही एकमेकांचा इतका मान राखतात, की भीमसेनांतला भीम लपतो आणि लताबाईही जपून पाऊल टाकतात. दोन थोर पाहुणे एकाच दारात ‘आधी आपण’ म्हणत उभे राहावेत, तसे आम्हांस वाटते. ज्यांना ते गोड वाटते, त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते गीतरामायणाच्या संक्षेपांशी. गदिमा आणि बाबूजींचे हे कार्य १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. गीते छप्पन्न, आणि बहुतेक प्रत्येक गीत म्हणजे कथेतील एकेका पात्राचे बोलणे. कौसल्या, भरत, सीता ज्याचे त्याचे म्हणणे कडव्याकडव्याने मांडतात. पुढे या गीतांची एकेक-दोनदोन कडवी जोडून, मागे एकच ठेका धरून, तासाभरात रामजन्मापासून लवकुशांपर्यंत पोहोचवणाऱ्या कॅसेटी निघाल्या. त्या आम्हांस ऐकवत नाहीत. भरताचे म्हणणे अर्धे तोडून लगेच शबरीकडे जाणे ही घाई कशासाठी?

काटछाट आणि आटोपशीरपणा यांत मात्र फरक आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एका बाजूस जेमतेम तीनसाडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब रागाचे सारे रूप उभे करीत. त्यांची तबकडी गदगच्या एका दुकानाबाहेर ऐकून शाळकरी भीमसेनांना गाण्याचे वेड लागले आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते घर सोडून निघाले, असे सांगतात.

हेच भीमसेन आमच्या सर्वांत आवडत्या ध्वनिमुद्रिकेचे धनी आहेत, आणि ती मुद्रिका मराठी नाही. ती त्यांची कन्नड ‘दासवाणी’. राजाजीनगरात शुक्रवारी सकाळी पाण्याची मोटर, कुकरची शिट्टी आणि या सर्वांवरून लक्ष्मीला हलक्या पावलांनी घरात बोलावणारे पुरंदरदासांचे पद कोठून तरी येतेच. आमच्या घरी त्याच वेळी बहुधा त्यांचीच अभंगवाणी चालू असते. भिंतीच्या दोन्ही अंगांना तोच आवाज! पुरंदरदासांची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’, आणि आपल्या ज्ञानदेवांनी तर विठ्ठलाला कानडाच म्हटले आहे. सीमेचे वाद ज्यांनी सोडवायचे ते सोडवोत. भीमसेन, मन्सूर, गंगूबाई, सुळेभावीत जन्मलेले कुमार यांची वाटणी करायला आम्ही तरी बसणार नाही.

म्हणून कपाटासंबंधी आमचे निवेदन आहे. मोबाईलवर गाणे मिळते, पण वेष्टनावरील मजकूर, बाजूंचा क्रम आणि बदली होऊन गेलेल्या कुटुंबाने कोपऱ्यात शाईने लिहिलेले आपले नाव मिळत नाही. निवड करताना कन्नड तबकड्या ‘आपल्या नाहीत’ म्हणून वेगळ्या काढू नयेत. आम्हांस न आवडणाऱ्याही ठेवाव्यात; आमच्यानंतरच्या श्रोत्याचे कान वेगळे असतील. महिन्यातून एका रविवारी दोन तास, एक मराठी आणि एक कन्नड मुद्रिका पूर्ण वाजवावी, मधे भाषण नको. शेजाऱ्यांनाही बोलवावे. यंत्र आमच्या घरचे देतो, ते अजून नीट फिरते. सुई मात्र मंडळाने आणावी; चिकपेटेलगतच्या रविवारच्या बाजारात शोधल्यास मिळते, घासाघीस कन्नडमध्ये केल्यास थोडी स्वस्त पडते.