तापलेला प्रोसेसर आणि सुरतेची हवा

गणन करणारे यंत्र म्हटले की उष्णता आलीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्या सगळ्या एकदम पेटल्या म्हणजे काय होत असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. आजच्या घरगुती संगणकात नलिका नाहीत. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर बसलेले असतात, आणि तो तुकडा ६५ वॉट शक्ती सहज घेतो. जुना ६० वॉटचा पिवळा दिवा चालू असताना त्याला कोणी हात लावीत नसे. तीच उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व गोष्ट समजावयास सोपी जाते.

आता सुरत शहर पाहावे. तापी ही सूर्याची कन्या अशी पुराणातील समजूत, आणि त्या नदीकाठच्या या शहरात उन्हाळ्यात पारा कधीकधी ४० अंशांच्या वर जातो. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. शेजारी यंत्रमाग, वरती बहुधा पत्रा. अशा एका घरातील तरुण डोळ्यांसमोर आणावा. त्याने एकेक भाग विकत आणून स्वतः संगणक जुळविला आहे, आणि साड्यांवरील भरतकामाची डिझाइने तयार करून तो कारखान्यांना देतो. दुपारी दोननंतर त्याचे यंत्र मंदावते. एखाद्या दिवशी आपोआप बंदच पडते. डिझाइन उद्या सकाळी हवे असते. दुकानदार सांगतो, प्रोसेसर गेला, नवा घ्या. घरात पैसे आहेत, पण ते धाकट्या बहिणीच्या फीसाठी ठेवलेले.

वस्तुतः मंदावणारा प्रोसेसर बहुधा बिघडलेला नसतो. तापमान ९५ ते १०० अंशांच्या जवळ आले की तो आपण होऊन आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही न भागल्यास यंत्र बंद करतो. ही त्याची स्वसंरक्षणाची रीत आहे. दोष शोधावयाचा तो उष्णतेच्या वाटेवर. प्रोसेसरवरून ती पेस्टच्या पातळ थरातून कूलरच्या धातूत जाते, धातूच्या पात्यांवरून हवेत, आणि ती हवा पेटीबाहेर. या वाटेत अडथळा कोठे आहे, एवढाच प्रश्न असतो.

तरुणाने पहिली चूक केली ती उन्हाला दोष देण्याची. पण पहाटे खोली २८ अंश असताना, काम जोरात चालू ठेवून, त्याने प्रोसेसरचे तापमान पाहिले तेव्हा ते ८६ होते. दुपारी खोली ३८ आणि प्रोसेसर ९६. अंतर दोन्ही वेळा ५८! कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून पाहावयाचे ते नुसते तापमान नव्हे, तर खोलीच्या वर ते किती चढले आहे ते. उन्हाने दहा अंशांची भर घातली होती, इतकेच. उरलेले पेटीत होते.

त्याने पेटीची बाजू उघडली. कूलरच्या पात्यांमध्ये मागांवरून उडणाऱ्या तंतूंचा चक्क नमदा बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा आत शिरत नव्हती. (बाजू कायमची उघडी ठेवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. लिंबायतेत तो घातक आहे. तंतू दुप्पट वेगाने आत येतात. पाण्याच्या कूलरचा ओला झोत पेटीवर सोडणे हे तर त्याहून वाईट.) वीज तोडून, पेटी ओट्यावर नेऊन, पंख्याचे पाते बोटाने धरून त्याने मऊ ब्रशने सगळे झाडले. पाते धरावे लागते, नाहीतर हवेच्या फुंकरीने ते भलत्याच वेगाने फिरून खराब होते. भिंतीला चिकटलेली पेटी वीतभर पुढे ओढली. अंतर ४६ वर आले.

पण समाधान होण्याजोगे नव्हते. काम सुरू करताच चारपाच सेकंदांत तापमान उडी मारून वर जाई. तापमान दहापंधरा मिनिटांत हळूहळू चढले तर दोष बहुधा हवेच्या वाटेत. क्षणात चढले तर धातू प्रोसेसरला नीट टेकलेला नाही, असे समजावे. कूलरच्या चार खुंट्यांपैकी एक पुरती बसलीच नव्हती, आणि पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. घरी जुळविलेल्या यंत्रांत ही खुंटी फार वेळा सापडते. आणि नव्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ फीत न काढताच तो बसविणारेही पुष्कळ आहेत. तरुणाने जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी घातली, आणि समोरासमोरच्या खुंट्या आळीपाळीने दाबल्या.

काही मदरबोर्ड मुळातच प्रोसेसरला ठरल्यापेक्षा अधिक वॉट देतात. तसे असेल तर बायोसमध्ये मर्यादा घालता येते. येथे त्याची गरज पडली नाही.

खर्च झाला तो पेस्टच्या एका नळीचा. बहिणीची फी भरली गेली. आता संगणकाशेजारी एक वही असते: खोली, प्रोसेसर, अंतर. अंतर ४५ च्या पुढे गेले की ब्रश काढावयाचा. मागांच्या शेजारी ही वेळ महिन्यागणिक येते. मे महिन्यातील एका दुपारची नोंद अशी आहे: खोली ४१, प्रोसेसर ७९, अंतर ३८, डिझाइन पाच वाजता पोचविले.