गांव कीं शहर?

शिरगणतीचा मनुष्य दारीं येतो, घरांतील माणसें मोजतो, प्रत्येकाचा धंदा टिपतो आणि पुढें जातो. 'ही वस्ती गांव आहे कीं शहर?' असें तो कोणासहि विचारीत नाहीं. तरीहि २०११ च्या शिरगणतीनें भारतांतील ३१.१६ टक्के लोक शहरवासी ठरविले. हें उत्तर मिळालेल्या माहितीस अटी लावून घडविलेलें आहे. आज हें काम संगणकाकडून करून घेतात. पण अटी माणसासच लिहाव्या लागतात.

त्या अटी अशा. जेथें महानगरपालिका, नगरपरिषद, छावणी किंवा कायद्यानें स्थापिलेली तत्सम संस्था आहे, ती वस्ती शहरच. जेथें ती नाहीं, तेथें तीन गोष्टी एकदम जुळल्या पाहिजेत: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकीं किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसें. बाकीचें सर्व गांव.

येथें क्रमास महत्त्व आहे. पन्हाळ्याची लोकसंख्या २०११ सालीं ५,००० हून कमी होती. पण तेथें नगरपरिषद असल्यामुळें तें शहर. लोकसंख्येची अट आधीं लावून 'नाहीं तर गांव' असें लिहून टाकलें, तर पन्हाळा गांवांत जमा होईल आणि यंत्र तक्रार करणार नाहीं.

'किमान' या शब्दाचेंहि तसेंच. समजा, एका वस्तींत १,६०० पुरुष मुख्य काम करणारे असून त्यांतील १,२०० शेतीबाहेर आहेत. प्रमाण बरोबर ७५ टक्के भरतें. आज्ञेंत '७५ किंवा अधिक' ऐवजीं '७५ हून अधिक' लिहिलें गेलें, कीं सारी वस्ती एका चिन्हानें गांव ठरते.

सर्वांत फसवी गोष्ट रिकाम्या घराची. एखाद्या वस्तीचें क्षेत्रफळ नोंदलेलेंच नसेल, तर दाटी काढतां येत नाहीं. 'माहीत नाहीं' म्हणजे 'अट पुरी झाली नाहीं' असें नव्हे. पण स्टाटा ही प्रणाली रिकामी नोंद प्रत्येक संख्येहून मोठी मानते. म्हणून '४०० किंवा अधिक' ही अट तेथें खरी ठरते. सॅस ती सर्वांहून लहान मानते. तेथें तीच अट खोटी ठरते. आर ही प्रणाली उत्तर अज्ञातच ठेवते. मात्र दुसरी एखादी अट स्पष्टपणें मोडली असेल, तर एकूण निकाल 'नाहीं' असा देते, आणि तें तर्कास धरून आहे. म्हणून जाणता मनुष्य रिकाम्या नोंदींचा प्रथम निराळा वर्ग करतो, आणि शेवटीं मूळ वर्ग व नवा वर्ग समोरासमोर मांडून बेरजा ताडून पाहतो.

ही काटेकोरी केवळ कागदाची नव्हे. केवळ तीन अटींवर शहर ठरलेल्या वस्त्या २००१ मध्यें १,३६२ होत्या. २०११ मध्यें त्या ३,८९२ झाल्या. त्या वर्षींच्या एकूण ७,९३३ शहरांपैकीं जवळजवळ निम्म्या. शिरगणतींत त्या शहर. पण त्यांना नगरपालिका नाहीं, आणि बहुतेकांचा कारभार ग्रामपंचायतीकडेच. गटारें, पाणी, रस्ते आणि कर यांचा विचार करणारा अशा आंकड्यांवर विसंबतो. तेव्हां शहरवासीयांची टक्केवारी वाचतांना ती कोणत्या अटींतून निघाली, हें सुज्ञानें आधीं विचारावें.