जुनी फोर बाय फोर घेताना: आधी वावर पाहा, मग गाडी

(मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं.)



आज गाडीबद्दल बोलायचं आहे. सभेत हा विषय सारखा येऊन राहिला आहे. काही गटांना आपला भाजीपाला, मिरची, संत्रा स्वतःच कळमन्याच्या मार्केटला न्यायचा आहे. दुसऱ्याच्या गाडीचं भाडं आणि दुसऱ्याची वेळ, दोन्हीला तुम्ही कंटाळल्या आहात. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घ्यायची. आणि पावसात पांदण रस्त्यावर फसू नये म्हणून चारही चाकं ओढणारी, म्हणजे फोर बाय फोर घ्यायची.

विचार चांगलाच आहे. पण हा लाखांचा व्यवहार आहे, आणि तो पैसा दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकून जमलेला आहे. म्हणून आज पाच गोष्टी क्रमानं बोलू: गाडी लागते का, कोणती घ्यावी, तपासायची कशी, कागद काय पाहायचे, आणि घरी आल्यावर ती कोणाच्या हातात राहील.

१. फोर बाय फोर खरंच लागते का?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते, पिकअपमध्ये बहुतेक मागच्या. आपल्या कन्हार जमिनीत पाऊस पडला की ती दोन चाकं जागीच फिरतात आणि गाडी बसते. फोर बाय फोरमध्ये गिअरच्या दांड्याजवळ आणखी एक छोटा दांडा असतो, नव्या गाड्यांत बटण असतं. ते टाकलं की पुढची चाकंही ओढतात. त्याचा फायदा खरा आहे.

पण खर्चही खरा आहे. अशा गाडीत जास्तीचा गिअरबॉक्स असतो, पुढे दुसरं डिफरन्शियल असतं, जास्तीचे जॉइंट असतात. वजन वाढतं, डिझेल जास्त लागतं, दुरुस्ती महाग पडते. आणि टायर घासलेले असले तर चार चाकांची ताकदही चिखलात काही कामाची नाही.

म्हणून आधी वहीत लिहून काढा: पावसाळ्यात तुमच्या वावरातून नेमकं काय बाहेर निघतं? कापूस दिवाळीच्या आसपास सुरू होतो. तूर आणि मिरची हिवाळ्यात येतात. आंबिया बहाराचा संत्रा पाऊस गेल्यावर निघतो आणि मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे या पिकांच्या वेळी रस्ता कोरडाच असतो. जुलै-ऑगस्टच्या चिखलात रोज बाहेर काढावं लागतं ते दूध आणि भाजीपाला. सोयाबीन मधेच सापडतं, कधी परतीच्या पावसात भिजतं.

तेव्हा संत्रा-कापसाच्या गटाला साधी जुनी पिकअप पुरते. पंधरा-वीस दिवस अडचण आली तर डांबरी रोडपर्यंत बंडीनं किंवा भाड्याच्या ट्रॅक्टरनं माल आणा. दूध आणि भाजीवाल्या गटानं फोर बाय फोरचा विचार जरूर करावा. आणखी एक सांगते. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाची योजना आहे. ग्रामसभेत आपल्या रस्त्याचं नाव लावून धरा. पांदण पक्की झाली तर गावातली प्रत्येक साधी गाडी वावरापर्यंत जाईल.

२. जुन्या बाजारात काय मिळतं?

आपल्याकडे जास्त दिसतात त्या महिंद्राच्या गाड्या. बोलेरो कॅम्परमध्ये दोन रांगा बसायला आणि मागे माल ठेवायला जागा असते. ती साधीही येते आणि फोर बाय फोरही. नुसत्या नावावरून आणि रंगावरून ओळखू नका, छोटा दांडा पाहा आणि खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट पाहा. शाफ्ट नसेल तर ती फोर बाय फोर नाही, मागे कितीही मोठं स्टिकर लावलेलं असो.

दुसऱ्या म्हणजे जिप्सी आणि थार. पूर्वी मोठे लोक जीप घेऊन जंगलात शिकारीला जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो शौक बंद केला. आता पेंचला सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार गेटवर किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जिप्सी जातात त्या पर्यटक घेऊन. सफारीत फिरलेली जिप्सी विकायला निघाली की स्वस्त वाटते. पण ती पेट्रोलवर चालते, माल कमी घेते, आणि कच्च्या रस्त्यावर वर्षानुवर्षं आपटलेली असते. भाजीच्या धंद्याला ती सोयीची नाही. सफारीलाच लावायची असेल तर आधी वनविभागाच्या गेटवर जाऊन नियम विचारा: किती वर्षं जुनी गाडी चालते, नवीन गाडीची नोंद घेत आहेत का. गाडी घेतल्यावर विचारून उपयोग नाही.

इथं एक महत्त्वाची गोष्ट. मालगाडीच्या डाल्यात माणसं बसवायची नाहीत. निंदायला, रोवण्याला, कापूस वेचायला आपल्याच बाया डाल्यात उभ्या राहून जातात, हे तुम्ही रोज पाहता. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई द्यायला नकार देते आणि सगळं मालकाच्या अंगावर येतं. उद्या ती मालक तुमच्या गटातली असेल, आणि डाल्यातली बाईही तुमच्याच गटातली असेल. मजूर न्यायचे असतील तर आरसीवर जितक्या सीट लिहिल्या आहेत तितक्याच, आणि सीटवरच.

३. गाडी पाहायला गेल्यावर

सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बोनटला हात लावा. गरम लागलं तर समजा, सुरू व्हायला त्रास देते म्हणून आधीच चालू केली आहे. तुमच्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको. त्याची मजुरी गटातून द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूनं बोलेल.

हे तुम्ही स्वतःही पाहू शकता:

- खाली वाका. चेसिसवर गंज, तडा किंवा नवीन वेल्डिंग आहे का? नुकताच काळा रंग मारला असेल तर संशय घ्या. पाट्यांमधलं एखादं पान तुटलं आहे का, तेही पाहा.
- ऑइल कुठं गळतं? गाडी उभी होती ती जमीन पाहा. पुढचं-मागचं डिफरन्शियल आणि मधला ट्रान्स्फर गिअरबॉक्स ओला दिसतो का?
- धूर पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंजिनात पाणी जात असू शकतं. ऑइलचं झाकण उघडून आत दुधासारखा फेस दिसला तर ती गाडी सोडा.
- टायर चारही एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. फोर बाय फोरमध्ये हे जास्त महत्त्वाचं, नाही तर आतल्या गिअरवर ताण येतो.
- चेसिसवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. खोडलेला, घासलेला असेल तर भाव कितीही कमी असो, परत या.

आता फोर बाय फोरची खरी परीक्षा. ती डांबरी रोडवर करायची नाही. कोरड्या पक्क्या रस्त्यावर हा दांडा टाकून वळणं घेतली तर गिअरचं नुकसान होतं. नांगरलेल्या किंवा ओल्या वावरात न्या. दांडा टाकून हळू चालवायला सांगा आणि बाजूला उभ्या राहून पाहा, पुढची चाकंही माती फेकतात का? काही जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या मधोमध हातानं फिरवायचा हब असतो, तो लॉक केल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत, हेही लक्षात ठेवा. मग गाडी थांबवून सगळ्यात हळू आणि जोरदार असा लो गिअर टाकायला सांगा. दांडा अडकतो का, आपोआप सुटतो का, कटकट आवाज येतो का? कित्येक जुन्या गाड्यांत हा दांडा वर्षानुवर्षं कोणी हलवलेलाच नसतो. विकणारा म्हणाला, "ताई, वावरात कशाला, इथंच पाहा ना," तर समजून घ्या.

४. कागद

गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. मोबाईलवर मुलगी-सून दोन मिनिटांत करून देईल. विमा, फिटनेस, पीयूसीची तारीख आणि कर्जाचा बोजा दिसतो. दंडाची ई-चलानं बाकी आहेत का, तेही तपासा. बाकी असतील तर व्यवहाराआधी विकणाऱ्यानंच भरायची.

बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एमएच ४० म्हणजे नागपूर ग्रामीण, ३१ म्हणजे शहर, ४९ म्हणजे पूर्व नागपूर. छिंदवाडा, शिवनीकडची एमपी नंबरची गाडी स्वस्त मिळते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला तर स्वस्ताई किती उरते, ते आधी मांडून पाहा.

पांढरी पाटी खासगी, पिवळी पाटी धंद्याची. भाड्यानं माल न्यायचा असेल तर पिवळी पाटीच लागते. अशा गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. १५ वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं आहे. म्हणून चौदा वर्षांची गाडी अर्ध्या भावात मिळाली तरी पुढचा खर्च मोजा.

नाव बदलण्यासाठी घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला आणि गाडी ठोकली, तर गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही.

५. नाव कोणाचं, चावी कोणाकडे?

सगळ्यात जास्त वाद इथंच होतो, म्हणून स्पष्ट बोलते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. एकानं २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात गेली, पण आरटीओत नाव त्याचंच राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्यानं द्यायची. म्हणजे नाव हा मान नाही, जबाबदारी आहे. आणि हक्कही तिथंच आहे. पैसे गटाचे, हप्ता गटाचा, आणि आरसीवर कोणाच्या तरी घरधन्याचं नाव, असं झालं तर कायद्याच्या कागदावर गाडी त्यांची होते. माणूस चांगला आहे की नाही, हा प्रश्नच नाही.

बचत गट नोंदणीकृत नसतो, त्यामुळे गटाच्या नावावर आरसी व्हायला अडचण येते. आपला नोंदणीकृत संघ असेल तर त्याच्या नावावर, नाही तर एका सदस्य ताईच्या नावावर गाडी घ्या. ताईच्या नावावर घेतली तर पैसा गटाचा आहे, ती गट सोडून गेली तर गाडीचं काय, हे स्टॅम्प पेपरवर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

ड्रायव्हरला लायसन्स साधं एलएमव्ही असलं तरी ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला चालतं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. म्हणजे गटातली एखादी ताई शिकली तर तीही ही गाडी चालवू शकते. कोण शिकणार, ते ठरवा.

शेवटी रात्रीचं. रानडुकरं वावर उकरतात, आणि कोणीतरी म्हणतं, "ताई, आज रात्री गाडी द्या, जरा चक्कर मारून येतो." त्या चकरेत शिकार झाली तर वन्यजीव कायद्यानुसार वापरलेली गाडी जप्त होते आणि सरकारजमा होऊ शकते. तुम्ही घरी झोपलेल्या असाल, पण हप्ता तुमचाच चालू राहील. पिकाच्या नुकसानीसाठी वनविभागाकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. रात्री चावी गटानं ठरवलेल्या ताईच्याच घरी राहील, आणि लॉगबुकात नोंद केल्याशिवाय गाडी हलणार नाही.

तर तायांनो, पुढच्या बैठकीत गाडी पाहायला जाण्याआधी ठरावाच्या वहीत या सहा ओळी लिहा: पावसाळ्यात आपला कोणता माल निघतो, जास्तीत जास्त किती रक्कम, त्यात नाव बदलणं, विमा आणि पहिली दुरुस्ती धरून, मिस्त्री कोण, आरसीवर नाव कोणाचं, चावी आणि लॉगबुक कोणाकडे, हप्ता थकला तर काय करायचं. सहाही ओळींखाली सगळ्यांच्या सह्या झाल्या की मला फोन करा. आरटीओत फॉर्म भरायला मी सोबत येईन. सह्या झाल्या नसतील तर गाडीवाल्याला सांगा, गटाची बैठक व्हायची आहे, थांबा. चांगला सौदा पंधरा दिवस थांबतो. जो थांबायला तयार नाही, तो सौदा आपला नाही.